फणीचं वाण

काशी, अहिल्याबाई घाट
श्रावण वद्य १०, शके १८४७

चि. प्रेमला हीस आनंदीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

नावामागे गं. भा. लिहिलेलं नाही, हे आधी पाहून घे. मागल्या खेपेला लिहिलं होतं, तर तुझ्या नावाला शेपूट लावू नये एवढी एकच ओळ तू उलट टपालाने धाडलीस. तुझे तात्या गेल्याचं कळवलं होतं मी, आणि त्याला हे उत्तर. दोन वर्षं झाली. ते कार्ड मी तुझ्या भावाला दाखवलं नाही. फणफण करून चुलीत घालणार होते, पण तुझं अक्षर होतं म्हणून ठेवलं.

आज काम आहे म्हणून लिहिते, दुसरं काही मनात नाही.

गंगा यंदा अशी चढली की घाटाच्या पायऱ्या एकूण एक गेल्या आहेत. आपल्या गल्लीच्या तोंडाशी नाव लागते. रामनगरच्या बाजूने काठाला ज्या मल्लाह नावाड्यांच्या झोपड्या होत्या त्या सगळ्या वाहून गेल्या. पस्तीस-छत्तीस कुटुंबं नावांत बसून अलीकडे आली, ती आपल्या मागच्या धर्मशाळेच्या ओसरीत पडून आहेत. अन्नछत्रातून दोन वेळा भात-डाळ मिळते, म्युन्सिपालटीची माणसं चुना टाकून जातात, कलेक्टरसाहेब घोड्यावरून बघून गेले. म्हणजे सरकारच्या लेखी सगळं ठीक आहे.

परवा मी चतकोर-अर्ध्या उरलेल्या पोळ्या घेऊन गेले तर ओसरीत पाय ठेववेना, असा वास. बारा दिवस बायांच्या अंगावर तेच लुगडं. पोरी डोकं खाजवून खाजवून रक्त काढतायत. एका पोरीच्या कानामागे जखम आणि तिच्यावर माशा. एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती ती उठेचना. का उठत नाही ते मला कळलं, तुलाही कळलं असेल. तिच्यापाशी त्या दिवसांत घ्यायला चिंधी नव्हती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणतात, चहूकडे पाणीच पाणी आहे, आंघोळीला काय कमी? पुरुषांना आंघोळ म्हणजे गंगेत बुडी आणि हर हर महादेव. त्या गढूळ पाण्यातून मेलेलं ढोर जातं, आणि शंभर पुरुषांच्या देखत बाईने न्हायचं कुठे, हे कुठल्या वेदात लिहिलेलं नाही, म्हणून ह्यांना ठाऊक नाही.

तर मी मनावर घेतलं आहे. पोटाचं सगळे बघतात, अंगाचं आपण बघू. भोसले घाटावरच्या वैद्यांच्या शरदिनीबाई आपल्या भजनाच्या बायकांना गोळा करणार आहेत. तुझ्या पुण्याच्या आश्रमात पन्नास बाया राहतात असं ऐकते. नवी बाई दाराशी आली की तिला अंगाच्या स्वच्छतेसाठी काय काय देता, ते तेवढं कळव. तुला अनुभव आहे.

अक्षर ओळखलंस ना? तूच शिकवलेलं, चुलीपुढच्या जमिनीवर, कोळशाने. र अजून लंगडाच येतो.

तुझी वहिनी,
आनंदी


काशी
भाद्रपद शुद्ध ४

चि. प्रेमला,

आज गणपती बसले. मोदक झाले, आरती झाली, आणि आता दुपारची लिहायला बसले आहे.

तुझं कार्ड द्वितीयेला मिळालं. बरी आहेस का, नाहीस का, एक अक्षर नाही. नुसती यादी. साबण. तेल. बारीक दातांची फणी. दातवण. जुनी सुती लुगडी धुऊन, फाडून, घड्या करून. न्हायला आडोसा. आणि शेवटी, आधी त्यांना विचारा, मग द्या. आमच्या वाण्याची यादीसुद्धा याहून गोड असते. पण आभार मानते, कारण यादी पक्की होती.

शेवटची ओळ वाचून मात्र मला हसू आलं. ज्याच्यापाशी काहीच उरलं नाही त्याला काय विचारायचं? त्याला सगळंच हवं असणार.

तर झालं असं. शरदिनीबाई म्हणाल्या, असंच गाठोडं हातात कोंबणं बरं दिसत नाही, हरितालिका आलीच आहे, त्या दिवशी वाण म्हणून देऊ. इथल्या बायाही तीज करतातच. म्हणजे देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला कमीपणा नाही. मलाही पटलं. आपल्या वाणात फणी असते, आरसा असतो, करंडा असतो. त्यातच तेल, रिठे, शिकेकाई आणि दातवण घातलं की झालं. साबणाला त्या नाही म्हणाल्या. त्यात कसली चरबी असते कोण जाणे, म्हणून रिठे. घड्या मी स्वतः केल्या, माझी तीन लुगडी आणि सासूबाईंची दोन. आडोशाचं तेवढं राहून गेलं.

काल सुपं भरली. ओसरी शेणाने सारवून घेतली. शरदिनीबाई पाटावर बसल्या, एकेक बाई येई, तिला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, सूप द्यायचं. एकतीस सुपं गेली. फणी हातात पडताच बायका तिथेच पोरींना पुढ्यात घेऊन बसल्या. सगळ्या ओसरीभर फण्या चालू. पाहून मला भरून आलं, खोटं सांगत नाही. जन्मात पहिल्यांदा काहीतरी नीट केलं असं वाटलं.

पाच-सहा जणी राहिल्या. त्यांचं नंतर बघू असं ठरलं आहे.

त्यांतली एक जरा बोलली. फुलेसरी तिचं नाव. पुराच्या आधी पायऱ्यांवर फुलं आणि दिव्यांचे द्रोण विकायची. तू पाहिली असशील, गळ्यात हसळी, आवाज खणखणीत. दोन वर्षांपूर्वी नवरा नावेवरून पडून बुडाला. ती पुढे आली तेव्हा शरदिनीबाईंनी तिला समजावून सांगितलं, की हे सौभाग्याचं वाण आहे, विधवेला देत नाहीत. तर ती म्हणते, ‘ढील राँड़-सोहागिन नाहीं चीन्हत, माई.’ इकडे उवांना ढील म्हणतात. ऊ काही सवाष्ण-विधवा ओळखून चावत नाही, असं म्हणाली ती. सगळ्या खूप हसल्या.

एवढंच. तुला कळवावं म्हणून लिहिलं. रागावू नकोस, रीत आहे ती आपली, मी काढलेली नाही.

आनंदी


काशी
भाद्रपद वद्य ३

प्रेमला,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. असणारच नाही हे मला कळायला हवं होतं. ते पत्र मी टाकलं आणि घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी कुणाला काय लिहून बसले. टपालपेटीतून पत्र परत काढता येत नाही. हात घालून पाहिला, सांगायला लाज वाटते.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात ‘सगळ्या हसल्या’ असं लिहिलं आहे. सगळ्यांत आधी मी हसले. माझ्यामागून त्या हसल्या.

आणि ‘त्यांचं नंतर बघू’ असं काही ठरलेलं नव्हतं. पाच सुपं उरली होती, ती शरदिनीबाईंनी ब्राह्मणांच्या सवाष्णींना वाटली. माझ्या वाटेलाही एक आलं. मी ते घेतलं. त्यातली फणी माझ्या कोनाड्यात आहे.

आता काल काय झालं ते. पितृपक्ष लागला आहे. पाणी उतरून वरच्या पायऱ्या मोकळ्या झाल्यात आणि नेहमीप्रमाणे नाऊ रांगेने येऊन बसलेत, श्राद्धाला आलेल्या पुरुषांची डोकी करायला. मी कळशी घेऊन उतरत होते. रांगेच्या शेवटच्या नाऊपुढे फुलेसरी बसलेली, मान खाली, आणि तिची लेक लखिया तिचा पदर धरून रडत उभी. उवांनी आणि खाजवण्याने दोघींच्या डोक्यांत पू झाला होता; वाणातली फणी विधवेला उसनी द्यायला कुणी धजलं नव्हतं. धर्मशाळेत येणाऱ्या वैद्याने सांगितलं, केस काढल्याशिवाय मलम लागणार नाही. त्यांच्या जातीत विधवेचे केस काढत नाहीत, प्रेमला. नवरा गेला तरी तिची वेणी तशीच होती. मल्लाहांच्या बाईचं डोकं माझ्यामुळे, माझ्या रीतीमुळे भादरलं गेलं. पाच फण्या आमच्या घराघरांत पडलेल्या असताना.

आधी आईचं झालं, मग लेकीचं. पोर आठ-नऊ वर्षांची. मी कळशी घेऊन तिथेच उभी. फुलेसरीने उठून मला पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ‘अब कंघी क कवन काम, माई.’ आणि पोरीला घेऊन गेली.

ती आता फुलं कशी विकणार? सकाळी दर्शनाला निघालेली माणसं मुंडन केलेल्या बाईचं तोंड बघत नाहीत, तिच्या हातची फुलं देवाला नेतात होय? तिचं पोट त्या टोपलीवर होतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि तरी ती नाऊपुढे बसली, कारण पोरीचं डोकं सडत होतं.

मी घरी आले आणि माडीवरच्या ट्रंकेतून तुझी फणी काढली. हो, तुझी शिसवी फणी माझ्यापाशी आहे. एका कडेचे दोन दात मोडलेली. नदीत सोडली असं मी तुला सांगितलं होतं. नव्हती सोडली. बारा वर्षं माझ्या शालूच्या घडीत आहे.

आता जे लिहिते ते बस आणि मग वाच.

तू सतरा वर्षांची, सासरहून परत आलीस. मामंजींनी मला माजघरात बोलावलं. तुझ्याशी ते बोलू शकत नव्हते, म्हणून मला म्हणाले, ‘सूनबाई, लोक केशवपनाचं विचारतायत. मी पोरीवर सक्ती करणार नाही. तू तिला एकांतात विचार. ती नको म्हणाली तर नको, काशीतले चार शास्त्री काय म्हणायचं ते म्हणोत, मी बघून घेईन.’

मी तुला विचारलं नाही.

दोन दिवस थांबले आणि मामंजींना सांगितलं, ती तयार आहे, स्वतःच म्हणते आहे. आणि तुला सांगितलं, तात्यांचा हुकूम आहे. तू विचारलं होतंस मला, ‘तात्यांनी स्वतः सांगितलं?’ मी म्हणाले, हो. नाऊ मागच्या पडवीत आला तेव्हा तुझे हात मी धरले होते. तुला वाटलं, वहिनीला आपली दया येते आहे, म्हणून तू माझे हात घट्ट धरून बसलीस.

का केलं ते सांगते. लोकांची भीती होती असं म्हटलं तर तू समजून घेशील, पण ते पुरतं खरं नाही. मामंजींपाशी तेव्हा नऊ विद्यार्थी जेवायला होते. मी चोवीस वर्षांची, बाळ कडेवर, दुसरं पोटात, आणि पहाटे ओलेत्याने सोवळ्याचा स्वयंपाक. केस असलेल्या विधवेच्या हातचं अन्न-पाणी देवाला चालत नाही. केस काढलेलीच्या हातचं चालतं. मला स्वयंपाकघरात दोन हात हवे होते, प्रेमला. तुझे केस मी चुलीपुढून उठायला मिळावं म्हणून काढवले.

तुझे केस गुडघ्यापर्यंत होते आणि माझे कधी पाठीखाली उतरले नाहीत, हेही असेल. मला नक्की सांगता येत नाही. फणी ठेवून घेतली त्याअर्थी असेल.

त्यानंतर सहा वर्षं तू त्या चुलीपुढे बसलीस. बापाचं पान वाढलंस आणि त्यांच्याशी हो-नाहीपलीकडे शब्द बोलली नाहीस. त्यांना वाटे, दुःखाने पोर मुकी झाली. तुला वाटे, ज्याने हे केलं त्याच्याशी काय बोलायचं. मी दोघांच्या मधे पोळ्या लाटत होते. त्याच वर्षांत तू दुपारी मला अक्षरं शिकवत होतीस. मग ह्यांनी तुला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, आणि तू बापाच्या पाया न पडता गेलीस.

मामंजींच्या शेवटच्या आजारात तुला बोलावणं केलं, तू आली नाहीस. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘प्रेमलाने आपखुशीनं केलं होतं ना ते?’ मी म्हणाले, हो मामंजी, आपखुशीनं. त्यांनी डोळे मिटले. तेव्हा तरी खरं सांगायला काय झालं होतं मला? वाटलं, जाणाऱ्याला कशाला त्रास. कुणाला त्रास नको होता ते मला आता कळतं.

तू कार्डावर लिहिलंस, आधी विचारा, मग द्या. मी हसले होते.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही. तुझ्या वडिलांनी तुझे केस काढवले नाहीत, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

आनंदी


काशी
आश्विन शुद्ध ६

प्रेमला,

उत्तराची वाट पाहत नाही असं लिहीन तर ते आणखी एक खोटं होईल. पोस्टमन गल्लीत आला की मी दाराशी जाऊन उभी राहते.

ते पत्र टाकलं त्याच दिवशी ह्यांना सगळं सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामंजींचं श्राद्ध होतं. पिंडदान झालं, मंत्र झाले, आणि मग हे तिथेच बसून राहिले आणि साध्या मराठीत मोठ्याने म्हणाले, ‘तात्या, प्रेमलाने हो म्हटलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.’ श्राद्धाचे ब्राह्मण चकित होऊन बघत राहिले. मी आतल्या दाराशी उभी होते. तुझा भाऊ इतका चांगला आहे हे मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर कळलं.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी मी धर्मशाळेत गेले. रिकाम्या हाताने गेले, सूप नाही, ताट नाही. जमिनीवर बसले आणि एकेकीला विचारलं, काय हवंय. आधी त्या मागे सरकल्या. ब्राह्मणीण जमिनीवर बसून विचारते आहे म्हणजे हिचं काहीतरी बिनसलं असणार, असं त्यांना वाटलं असावं. मग एक म्हातारी म्हणाली, परदा. सगळ्यांना सर्वांत आधी तोच हवा होता. न्हायला आडोसा. एकतीस सुपं दिली होती, त्यातली शिकेकाई तशीच पडून, कारण डोक्यावरून पाणी घ्यायला जागाच नव्हती. तेल संपलं, आरसे एका फेरीवाल्याला देऊन त्यांनी कपड्यांचा साबण घेतला होता. कुंकवाचे करंडे पोरांनी खेळायला घेतले होते. करायला गेले एक आणि झालं एक, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

माझी दोन नऊवारी लुगडी बांबूंना बांधून अंगणाच्या कोपऱ्यात आडोसा केला. विहिरीचं पाणी, दोन बादल्या, साबणाच्या वड्या. चरबीचं पाप मी माझ्या डोक्यावर घेतलं. त्या दिवशी बायका संध्याकाळपर्यंत न्हात होत्या. आतून हसण्याचे आवाज येत होते. एकमेकींच्या पाठी घासत होत्या.

फुलेसरीपाशी शेवटी गेले. विचारलं. ‘कुछ नाहीं,’ म्हणाली. मी बसून राहिले. तेव्हा म्हणाली, ‘बिटिया बदे एक ओढ़नी दे दा. लइके टकली-टकली कहेलन.’ पोरं चिडवतात म्हणून लखियाला डोकं झाकायला ओढणी. स्वतःसाठी तिने काही मागितलं नाही. ओढणी आणून दिली, आणि मग विचारलं, कडुनिंबाचं तेल आणलंय, लावू का? तिने माझ्याकडे पाहिलं. मी सोवळ्यात नव्हते, पण ब्राह्मणीण होतेच. मग तिने डोकं पुढे केलं.

तिच्या डोक्याला तेल लावताना मला तुझं डोकं आठवलं. खरबरीत, कोवळं, कानामागे वस्तरा लागलेला. त्या दिवशी मी तुला तेल लावलं नव्हतं. स्वयंपाकाला उशीर होत होता.

शरदिनीबाईंनी मला भजनाला बोलावणं बंद केलं आहे. बरं झालं, माझा आवाज तसाही बेसूर.

या पत्राबरोबर वेगळ्या पार्सलाने तुझी फणी पाठवते. रिठ्याच्या पाण्यात भिजवून, दाता-दातातून दोरा ओढून साफ केली आहे. जुना मळ, जुनं तेल, काही ठेवलं नाही. तुझी वस्तू तुला परत. ती घे किंवा मुठेत टाक, तुझी मर्जी.

आनंदी


काशी
कार्तिक शुद्ध १२

प्रेमला,

काल पोस्टाने पेटी आली. अक्षर तुझं, लांबूनच ओळखलं. पण वर नाव माझं नव्हतं. ‘फुलेसरी मल्लाहीण, धर्मशाळा, अहिल्याबाई घाट, काशी’, आणि खाली बारीक अक्षरात ‘मार्फत आनंदीबाई’. पोस्टमन म्हणाला, या कोण? मी म्हणाले, चल दाखवते, आणि त्याच्यासंगे गेले.

पाणी केव्हाच उतरलं. बरीच कुटुंबं पलीकडे जाऊन नव्या झोपड्या बांधतायत. फुलेसरी अजून इथेच आहे. फुलं तिच्याकडून कोणी घेत नव्हतं, म्हणून गेला महिनाभर मी रोज सकाळी तिच्याजवळूनच देवाची फुलं घेते आणि मुद्दाम सगळ्यांच्या देखत घेते. आधी गल्लीतल्या बायका नाकं मुरडत. आता दोघी-तिघी घेतात. ह्यांनी पूजेला बसताना एकदाही विचारलं नाही की फुलं कुणाची.

पेटी तिनेच उघडली. पन्नास फण्या, लाकडी, बारीक दातांच्या. एका कागदावर हिंदीत लिहिलं होतं, सबके लिए, जो माँगे उसे. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मीच वाटणार, आणि पदर खोचून उठली. तिच्या डोक्यावर आता नखाएवढे केस आहेत. ओढणी नावापुरती. लखिया तर ती कमरेला बांधून हिंडते. वाणाच्या दिवशी ज्या विधवांना सूप मिळालं नव्हतं त्यांतल्या दोघी अजून इथे आहेत, त्यांना तिने सर्वांत आधी दिल्या.

पेटीत माझ्यासाठी काही नव्हतं. मी तळाचा भुसासुद्धा चाचपून पाहिला. तिथे एका फडक्यात वेगळी गुंडाळलेली तुझी शिसवी फणी निघाली. फडक्याला दोऱ्याने चिठ्ठी, ‘फुलेसरीला’. बस.

मला वाटलं, झालं. वस्तूसुद्धा तिला नको. त्याच्यासाठी मी तयार होते, तरी फडकं पुन्हा उलटून पाहिलं. फुलेसरीने विचारलं, ‘ई केकर ह?’ मी सांगितलं, मेरी ननद की. तिने विचारलं, तिने का दिली? तर मी तिला सगळं सांगितलं, तिथे ओसरीत बसून, माझ्या मोडक्या बनारसीत, बारा वर्षांपूर्वीचं सगळं. ती ऐकत राहिली. मग फणी उजेडात धरून बघायला लागली आणि म्हणाली, ‘एम्मे बार ह.’

तिच्यात केस आहे.

मी घेऊन पाहिलं. मोडलेल्या दोन दातांपाशी एक केस अडकला होता. काळा. मी सोडवून काढला तर निघता निघेना, इतका लांब. बोटाला गुंडाळला, मग मनगटापासून धरून पाहिला, कोपराच्या वर जातो. फणी मी धुऊन, दोरा ओढून पाठवली होती. जुना केस असणं शक्य नाही.

तू मुद्दाम ठेवलास की विंचरताना राहून गेला, मला माहीत नाही. मुद्दाम ठेवला असेल असं मानायचा मला हक्क नाही. पण तू त्या फणीने एकदा तरी विंचरलंस. तुझे केस वाढले आहेत. सहा वर्षं मी डोळ्यांपुढे तुला त्याच डोक्याने पाहत होते, ज्या डोक्याने तू गाडीत बसलीस.

फणी चिठ्ठीप्रमाणे फुलेसरीला दिली. ती म्हणाली, अजून दोन-तीन महिन्यांनी उपयोग होईल, आणि कनवटीला लावून ठेवली.

तो केस माझ्यापाशी आहे. कोनाड्यात तुझ्या दोन्ही कार्डांच्या मधे ठेवला आहे. कार्डांखेरीज तुझ्या हातून माझ्याकडे आलेलं एवढंच आहे, पण ते तू मला दिलेलं नाही, म्हणून ठेवून घेत नाही. तू सांगशील तर गंगेत सोडते, या वेळी खरंच सोडते.

तो मी ठेवू का, प्रेमला? विचारते आहे.

आनंदी